फेको मशीन घेण्याआधी ऑपरेशन थिएटरमधली (ओटीतली) मिनिटं मोजा

नमस्कार. तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: तालुक्याच्या गावी ट्रस्टचं नेत्र रुग्णालय, महिन्याला साठ-सत्तर मोतीबिंदूची ऑपरेशनं, त्यातली बहुतेक एसआयसीएसने, म्हणजे छोट्या छेदातून हाताने मोतीबिंदू काढून. मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून शोषून घेणारं जुनं फेको मशीन अधूनमधून बंद पडतं. आता एक देणगीदार पन्नास लाखांपर्यंत द्यायला तयार आहेत. त्यातून वरच्या श्रेणीचं फेको घेतलं तर ऑपरेशनं वाढतील का आणि दर डोळ्यामागचा खर्च उतरेल का, असं तुम्ही विचारलंय, आणि मशीन कोणत्या पंपाचं घ्यावं हेही.

मशीन घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या मजकुरातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य मशीनबद्दलचं नाहीच. तुम्ही ओघात लिहून गेलात, की दोन पेशंटच्या मध्ये डॉक्टर बराच वेळ बसून असतात. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. मी स्वतः सर्जन आहे आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत बराच काळ काम केलं आहे. उपकरणांवरचा खर्च फुकट जाताना पाहिला तो बहुतेक वेळा याच कारणाने: डॉक्टरचा हात जलद व्हावा म्हणून पैसे घातले जातात, आणि डॉक्टर ज्याची वाट पाहत बसलेले असतात ते तसंच राहतं.

साधा हिशेब करू. समजा एका ऑपरेशनला दहा मिनिटं लागतात आणि पुढचा पेशंट टेबलावर येऊन, डोळा साफ होऊन, ड्रेप (निर्जंतुक कापड) लागून, उपकरणांचा ट्रे उघडेपर्यंत पंधरा मिनिटं जातात. म्हणजे एका डोळ्याला २५ मिनिटं. पाच तासांच्या यादीत १२ ऑपरेशनं बसतात. आता महागडं मशीन आणून ऑपरेशनची तीन मिनिटं वाचवलीत, तर पाच तासांत १३ होतील. त्याऐवजी मधली पंधरा मिनिटं पाचवर आणलीत, तर त्याच डॉक्टरांच्या हातून, त्याच जुन्या सामानावर २० होतील. डॉक्टरांना घाई करावी लागत नाही, पेशंटला धोका वाढत नाही, आणि ओटीचा, पगाराचा, विजेचा तोच खर्च १२ ऐवजी २० डोळ्यांवर वाटला जातो. खर्च उतरतो तो असा.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने, म्हणजे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलेल्या संस्थेने, हेच करून दाखवलं. तिथे एका सर्जनला दोन टेबलं असतात. एका टेबलावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पेशंट तयार असतो. पहिलं संपलं की मायक्रोस्कोप वळतो, डॉक्टर वळतात, पुढचं सुरू. सफाई, ड्रेपिंग, ट्रे ही कामं प्रशिक्षित सिस्टर करतात. त्यांची संख्या आणि शिस्त तुम्हाला लगेच जमणार नाही. पण दुसरं टेबल, फिरवता येईल असा मायक्रोस्कोप आणि एक जास्तीची शिकलेली सिस्टर एवढं तालुक्याच्या ओटीत बसतं, आणि या तिन्ही गोष्टी मिळून वरच्या श्रेणीच्या फेकोपेक्षा खूप स्वस्त पडतात.

टेबलानंतर मी पाहतो ते उपकरणांचे सेट. किती सेट हवेत याचा अंदाज बहुतेक ठिकाणी डोळे मिटून केला जातो, आणि तो कमीच निघतो. वापरलेला सेट धुणं, कॅन्युलांतून (बारीक पोकळ नळ्यांतून) पाणी मारणं, वाळवणं, पॅक करणं, ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) पूर्ण चक्र, थंड होणं हे सगळं धरून फेरी सुमारे दीड तासाची होते. दर पंधरा मिनिटांना एक ऑपरेशन करायचं तर या दीड तासात सहा सेट फेरीतच अडकलेले असतात. एक टेबलावर, एक तयार आणि एक राखीव धरला तर नऊ. तुमच्याकडे चार असतील, तर कितीही भारी मशीन आणा, पाचव्या पेशंटला ओटी थांबणारच. मग सिस्टर चक्र अर्धवट सोडायला लागतात, ओले सेट बाहेर काढतात. हा प्रश्न वेळेपुरता राहत नाही, तो इन्फेक्शनचा होतो.

ऑटोक्लेव्हच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. पोकळ नळ्यांची उपकरणं, म्हणजे सिम्को कॅन्युला आणि फेकोचं हँडपीस (सर्जनच्या हातात असणारा भाग), साध्या ऑटोक्लेव्हमध्ये आतून नीट निर्जंतुक होतीलच असं नाही. त्यासाठी आधी हवा खेचून घेणारं, व्हॅक्यूमचं बी क्लास ऑटोक्लेव्ह लागतं. एक मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, कारण एक बंद पडलं तरी यादी रद्द होत नाही. बोअरचं जड पाणी त्यात घालू नका. क्षार साचून व्हॉल्व्ह जातात आणि उपकरणांवर डाग पडतात. डिस्टिल्ड पाण्याची सोय हा ऑटोक्लेव्हच्या किमतीचाच भाग समजा. धुण्यातही कसूर नको. कॅन्युलात व्हिस्कोइलॅस्टिक (ऑपरेशनमध्ये वापरतात ते जेल) किंवा एन्झाइमचा साबण राहिला तर तो पुढच्या डोळ्यात जातो आणि टॅस होतो, म्हणजे जंतूंशिवायच डोळ्याच्या पुढच्या भागाला सूज येते. दुसऱ्या दिवशी बुब्बुळ धुरकट दिसतं, सगळे घाबरतात, आणि जंतू तर सापडत नाहीत. एका टॅसच्या साथीने आठवडाभर ओटी बंद राहू शकते. तेवढ्या खर्चात कितीतरी जास्तीच्या कॅन्युला आल्या असत्या.

आता फेको की एसआयसीएस. यावर आपल्याकडचीच चांगली माहिती आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० पेशंटवर तुलना झाली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत ८१ टक्के होते, एसआयसीएसमध्ये ७१ टक्के. योग्य नंबर दिल्यावर दोन्हींत आकडा ९८.४ टक्के, म्हणजे अगदी सारखा. त्याच रुग्णालयाच्या खर्चाच्या अभ्यासात फेकोचा सरासरी खर्च ४२ डॉलरच्या आसपास निघाला आणि एसआयसीएसचा १५ डॉलरच्या. रुपयातले आकडे आज बदललेत, पण दोन्हींतलं अंतर कशाने पडतं ते बदललेलं नाही: मशीनचा घसारा, दर केसला लागणारं सामान आणि फोल्डेबल लेन्स. नेपाळमध्ये पिकलेल्या मोतीबिंदूंवर अशीच तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे निष्णात सर्जनच्या हातात एसआयसीएसला सरासरी ९ मिनिटं लागली आणि फेकोला साडेपंधरा. वेगासाठी फेको हवं हा समज किमान या पेशंटच्या बाबतीत टिकत नाही.

पण यावरून फेको नकोच असं ठरवू नका. चष्म्याशिवायच्या त्या दहा टक्क्यांचा फरक पेशंटला रोज जाणवतो. फेकोची जखम अडीच मिलिमीटरच्या आसपास, एसआयसीएसचा बोगदा सहा-सात मिलिमीटरचा, त्यामुळे एसआयसीएसनंतर नंबरात वाकडेपणा (सिलिंडर नंबर) जास्त येतो. शिक्षक, दुकानदार, गाडी चालवणारा माणूस लवकर कामावर परतायचा असेल आणि मोतीबिंदू मऊ असेल, तर फेको त्याच्या हिताचं आहे. उलट दोन्ही डोळ्यांनी चाचपडत येणारी, तपकिरी टणक मोतीबिंदूची आजी असेल तर तिच्या डोळ्यात अल्ट्रासाउंड जास्त वेळ चालवणं म्हणजे कॉर्नियाच्या पेशी जाळणं. तिथे मी आजही बिनदिक्कत एसआयसीएस करतो. बोगदा वरून न घेता कानाच्या बाजूने घेतला तर वाकडेपणाही कमी राहतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

म्हणून निर्णय तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, तुमच्याकडे येणारे मोतीबिंदू कसे आहेत. गेल्या वर्षाची नोंदवही काढा आणि किती टणक, किती पांढरे, किती मऊ ते मोजा. दुसरी, तुमचे डॉक्टर फेकोत किती सरावलेले आहेत. शिकण्याच्या काळात लेन्सच्या मागचा पडदा (कॅप्सूल) फाटण्याचं प्रमाण वाढतं, आणि अशा एका केसमध्ये तासभर जातो, व्हिट्रेक्टमी कटर (डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग कापून काढणारं उपकरण) उघडावा लागतो, कधी पेशंट रेटिनाच्या डॉक्टरकडे पाठवावा लागतो. तिसरी, पैसे कोण देतं. शिबिरातल्या मोफत पेशंटमागे अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचं ठरलेलं अनुदान येतं आणि त्यात फेकोचं पॅक (दर केसला लागणारं नळ्यांचं सामान) बसवताना ओढाताण होते. पैसे भरणारे पेशंट वाढणार असतील तर फेको स्वतःचा खर्च काढेल आणि वर मोफत पेशंटनाही हातभार लावेल.

मशीनच्या किमतीचा हिशेब असा करा. आकडे मी फक्त समजण्यासाठी धरतोय, तुमच्या कोटेशनचे घाला. एक मशीन १६ लाखांचं, दुसरं ४८ लाखांचं, दोन्हींचं आयुष्य आठ वर्षं. समजा नव्या मशीनवर तुम्ही वर्षाला ४०० फेको करता. पहिल्याचा भार दर डोळ्यामागे ५०० रुपये, दुसऱ्याचा १५००. वर्षाला २००० करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात हाच भार १०० आणि ३०० होतो, म्हणून त्यांना महाग मशीन परवडतं. त्यांच्याकडे चालतं म्हणून आपणही घ्यावं, असं ट्रस्टच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं तर हा हिशेब पुढे ठेवा.

आणि खरा खर्च मशीनचा नसतोच. समजा एखाद्या मशीनला दर केसला नवीनच कॅसेट-ट्युबिंगचं पॅक लागतं आणि ते १५०० रुपयांचं आहे. आठ वर्षांत ३२०० डोळे, म्हणजे ४८ लाख रुपये. ४८ लाखांच्या मशीनएवढेच पैसे नुसत्या पॅकमध्ये गेले! देणगीदार मशीन देतात, पॅक कुणी देत नाही. म्हणून ‘मशीन फुकट, फक्त वर्षाला इतकी पॅक किंवा इतक्या लेन्स आमच्याकडून घ्या’ ही योजना समोर आली तर आधी पूर्ण मुदतीची बेरीज करा. पावसाळ्यात ऑपरेशन नको म्हणणारे पेशंट आपल्याकडे खूप. जून ते सप्टेंबर यादी निम्म्यावर येते. ठरलेला कोटा मात्र पाऊस पाहत नाही.

ट्युबिंग निर्जंतुक करून पुन्हा वापरता येईल अशी मशीन असतात आणि आपल्याकडे ती सर्रास वापरली जातात. यावर लोक लगेच इन्फेक्शनची भीती घालतात, म्हणून अरविंदचाच दाखला देतो. तिथे पुन्हा वापरता येणारं सामान पद्धतशीरपणे वापरलं जातं. एका फेकोमागे कचरा पाव किलोच्या आसपास, आणि कार्बनचा भार इंग्लंडमधल्या ऑपरेशनच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढा. तरीही सहा लाखांहून जास्त डोळ्यांच्या नोंदीत, ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक द्यायला लागल्यावर एंडोफ्थाल्मायटिसचं (डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गाचं) प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं. पुनर्वापर हा दोष नाही, बेशिस्त पुनर्वापर हा दोष आहे. कोणतं सामान किती वेळा वापरलं याची खूण आणि नोंद, उत्पादक पुनर्वापराची परवानगी कशाला देतो ते लेखी, आणि नळ्या आतून धुण्याची ठरलेली पद्धत, हे तिन्ही जमत नसेल तर एकदाच वापरायचं सामान घ्या आणि त्याचा खर्च मान्य करा. ते मॉक्सिफ्लॉक्सासिनही डोळ्याच्या आत देण्यासाठी बनवलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं घ्या. त्याच्याइतकी स्वस्त आणि एवढा परतावा देणारी दुसरी खरेदी या यादीत नाही. स्टीलचे केराटोम (छेद घेण्याची पाती) मात्र बोथट होईपर्यंत ओढू नका. बोथट पात्याने जखम गळते, मग टाका, मग दुसऱ्या दिवशी कमी दाब आणि जास्तीच्या फेऱ्या. पात्यात वाचवलेले रुपये दुपटीने जातात.

फोडलेला मोतीबिंदू ओढून घेणाऱ्या पंपाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. पेरिस्टाल्टिक पंप सावकाश व्हॅक्यूम चढवतो, शिकणाऱ्याच्या हाताला सुरक्षित. व्हेंच्युरी जलद ओढतो, सरावलेल्या सर्जनला आवडतो, पण बऱ्याच मशीनना त्यासाठी बाहेरून दाबाची हवा लागते. म्हणजे कॉम्प्रेसर आला, त्याचा आवाज, त्याची देखभाल. तुमच्या ठिकाणी चांगला पेरिस्टाल्टिक मधल्या श्रेणीत पुरेसा आहे. त्याच्यासोबत हँडपीस मात्र किमान तीन घ्या, कारण सेटचा वरचा हिशेब हँडपीसलाही लागू पडतो. गरम हँडपीस ऑटोक्लेव्हमधून काढून गार पाण्यात बुडवण्याची सवय सिस्टरना लागू देऊ नका. आतले क्रिस्टल तडकतात आणि नवं हँडपीस लाखांच्या घरात जातं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधले छेद करणाऱ्या फेम्टोसेकंद लेझरचं नाव कुणी काढलं तर त्यावर वेळ घालवू नका. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांतली फेमकॅट चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या फेकोपेक्षा फायदा दिसला नाही आणि खर्च मात्र जास्त.

यापेक्षा कितीतरी कमी पैशांत निकाल सुधारतो तो बायोमेट्रीमुळे, म्हणजे लेन्सचा नंबर ठरवण्यासाठी डोळा मोजण्यामुळे. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. ए-स्कॅनचा (अल्ट्रासाउंडने लांबी मोजणाऱ्या यंत्राचा) प्रोब डोळ्यावर दाबून माप घेत असाल तर ही चूक रोज थोडी थोडी होतेय. ऑप्टिकल बायोमीटर चांगलाच, पण तुमच्याकडचे पांढरे आणि तपकिरी मोतीबिंदू बऱ्याचदा त्याच्या प्रकाशाला आरपार जाऊ देत नाहीत. तिथे इमर्शन पद्धतीचा, म्हणजे प्रोब डोळ्याला न टेकवता मधल्या द्रवातून करायचा ए-स्कॅन करा. त्याला एक छोटा कप आणि शिकलेला टेक्निशियन पुरतो. लेन्सही साध्या पीएमएमएचीच (कडक प्लास्टिकची) पण चौकोनी कडेची घ्या, म्हणजे लेन्सच्या मागचा पडदा धुरकट व्हायचं प्रमाण कमी होतं आणि तो साफ करणाऱ्या याग लेझरसाठी पेशंटला पुन्हा एसटीने यावं लागत नाही. त्याची बुडलेली मजुरी आपल्या हिशेबात दिसत नाही, पण ती त्याच्या खिशातून जातेच.

मायक्रोस्कोपवर पैसे घालायला कचरू नका. चांगला मायक्रोस्कोप फेकोच्या दोन मशीनना पुरून उरतो, आणि रेड रिफ्लेक्स (डोळ्याच्या आतून परत येणारा लाल उजेड) नीट दिसला की कॅप्सूल फाटण्याचे प्रसंग कमी होतात. त्याच्यासोबत जास्तीचा दिवा घ्या. तुम्ही कोकणात असाल तर पावसाळ्यात काचांना बुरशी लागते, म्हणून ओटीतली हवा कोरडी ठेवण्याची सोय आधी. वीज खाली-वर होत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर आणि यूपीएस मशीनच्या आधी बसवा.

तर पन्नास लाख माझ्या हातात असते तर मी असे वाटले असते: पहिल्यांदा सेट, ऑटोक्लेव्ह, दुसरं टेबल आणि वीज. मग मायक्रोस्कोप आणि बायोमेट्री. उरलेल्यात मधल्या श्रेणीचं फेको, आणि त्यातूनही काही रक्कम पुढच्या वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला. देणगीदारांना एका मोठ्या मशीनवर नाव हवं असतं, हे मला माहीत आहे. त्यांना बोलावून एक दिवस ओटीबाहेर बसवा आणि किती वेळ कशात जातो ते दाखवा. पूर्ण ओटीला त्यांचं नाव देता येतं.

हे करण्याआधी एक काम. पुढच्या दोन आठवड्यांच्या यादीत एका सिस्टरला घड्याळ द्या. पेशंट आत आला, ऑपरेशन सुरू, ऑपरेशन संपलं, पेशंट बाहेर गेला, या चार वेळा आणि थांबावं लागलं तर कशासाठी, एवढंच लिहायला सांगा. ‘ट्रे नव्हता’ जास्त वेळा आलं की ‘भूल चढली नव्हती’, यावरून खरेदीचा क्रम ठरेल. माझा वरचा क्रम तुमच्या कागदाशी जुळला नाही तर कागदाचं ऐका.

आणि मशीनची ऑर्डर देताना या गोष्टी लेखी घ्या. सर्व्हिस इंजिनियर कुठे राहतो आणि किती तासांत येईल. दुरुस्तीला वेळ लागला तर बदली मशीन देणार का. सीएमसीत (पूर्ण देखभालीच्या करारात) हँडपीस धरलंय की वगळलंय, बहुतेक वेळा वगळलेलं असतं. पॅकचे दर पाच वर्षं बांधून मिळतील का, आणि दुसऱ्या कुणाचं पॅक त्या मशीनवर चालतं का. जुनं मशीन बायबॅकमध्ये, म्हणजे नव्याच्या किमतीत वळतं करून, देऊ नका. त्याचे मिळतील तेवढे पैसे सोडा आणि ते दुरुस्त करून कोपऱ्यात ठेवा, कारण नवं मशीन बंद पडेल तेव्हा भूल दिलेला पेशंट टेबलावर असेल.